कपाटात राहिलेली कादंबरी

ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, त्या घरात न वाचलेले असे एखादे गाजलेले पुस्तक असतेच. ते कुणी भेट दिलेले असते, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने हट्टाने आणविलेले असते, किंवा सारे जग त्याविषयी बोलते आहे म्हणून आपणच पदरमोड करून घेतलेले असते. घेतले तेव्हा ते दर्शनी फळीवर होते. पुढे त्याच्यासमोर पंचांग आले, विजेची बिले आली, चष्म्याचे घर आले, आणि पुस्तक हळूहळू भिंतीकडे सरकले. जपानी लोकांनी या सवयीला एक नावच देऊन ठेवले आहे. पुस्तके आणून रचून ठेवणे आणि न वाचणे, याला ते 'त्सुंदोकु' म्हणतात. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने तर एकोणीसशे वर्षांपूर्वीच विचारले होते की, ज्याच्या मालकाला जन्मभरात नुसती नावेदेखील वाचून होणार नाहीत, अशा ग्रंथसंग्रहाचा उपयोग काय? तेव्हा हे दुखणे नवे नाही, आणि ते केवळ आपलेही नाही.

परंतु आज आम्हांस सरसकट सगळ्या न वाचलेल्या पुस्तकांविषयी बोलावयाचे नाही. ज्ञानकोशाचे खंड कुणी सलग वाचीत नाही आणि न वाचल्याने काही बिघडतही नाही. आमचा विषय आहे तरुणांसाठी लिहिलेली, तरुणांनी डोक्यावर घेतलेली, आणि म्हणूनच घरातल्या वडीलधाऱ्यांनी न उघडलेली कादंबरी. हिची गोष्ट निराळी आहे. ज्ञानकोश आपण वाचीत नाही तेव्हा आपण त्याच्याविषयी मतही देत नाही. ही कादंबरी मात्र न वाचताच आपण तिच्याविषयी मत देतो. कधी कौतुकाचे, पुष्कळदा नाक मुरडणारे.

आमच्या कपाटात अशी एक कादंबरी बरीच वर्षे होती. अमेरिकन लेखिका एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स', प्रसिद्धी १९६७. तिचे कोट्यवधी वाचक झाले, तिच्यावर चित्रपट निघाला, नाटक निघाले. आम्ही ती अलीकडे वाचली. या विलंबाची आम्हांस खंत वाटत नाही. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला सगळीकडे उशिरा पोहोचण्याची सवयच असते, आणि आरडाओरडा संपल्यावर पोहोचले म्हणजे पुष्कळ गोष्टी स्पष्ट ऐकू येतात. तेव्हा हा आवाज कुठून आला, कुणी केला, आणि तो ओसरल्यावर हाती काय उरले, हे आज पाहू.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, तरुणांच्या कादंबरीचा गाजावाजा ही जाहिरातबाजीच्या युगाची पैदास नव्हे. १७७४ साली लाइप्झिग शहरात 'तरुण वेर्थरची दुःखे' ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा लेखक गटे तेव्हा पंचविशीतला होता. विफल प्रेमाने जीव देणाऱ्या एका तरुणाची ती पत्ररूप कथा. दोन-तीन वर्षांत ती युरोपभर पसरली. वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळी बंडी घालून तरुण हिंडू लागले. १७७५ साली लाइप्झिगच्या नगरमंडळाने पुस्तकाच्या विक्रीवर बंदी घातली आणि तो पोशाखही निषिद्ध ठरविला! या बंदीमागे तेथील धर्मशास्त्राच्या पंडितांचा आग्रह होता. या पुस्तकाने आत्महत्येचे समर्थन होते असा त्यांचा आक्षेप. तो आक्षेप अगदीच पोकळ होता असे आम्ही म्हणणार नाही. अनुकरणाने होणाऱ्या आत्महत्यांना समाजशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये वेर्थरचेच नाव दिले. पण बंदी घातलेल्या कोटाचे कापड काही कमी खपले नाही. नेपोलियन हे पुस्तक इजिप्तच्या स्वारीत बरोबर घेऊन गेला होता, आणि १८०८ साली एर्फुर्ट येथे गटेची भेट झाली तेव्हा आपण ते सात वेळा वाचल्याचे त्याने सांगितले. तोफखान्याच्या गाडीबरोबर एका विरही तरुणाची पत्रे चालली आहेत, हे चित्र आम्हांस मोठे विलक्षण वाटते.

तथापि वेर्थर हा 'तरुणांसाठी' म्हणून लिहिलेला नव्हता. बालक आणि प्रौढ यांच्या मधले जे वय, त्याच्यासाठी वेगळी फळी असावी ही कल्पना विसाव्या शतकातली आहे, आणि ती प्रकाशकांच्या नव्हे तर ग्रंथपालांच्या डोक्यातून निघाली. याचे कारण शाळेत शोधावे लागते. १९०० साली अमेरिकेत चौदा ते सतरा या वयाच्या दहा मुलांपैकी जेमतेम एक मूल हायस्कुलात होते. बाकीची शेतावर, गिरणीत किंवा दुकानात. १९४० पर्यंत हे प्रमाण चारांत तीनच्या घरात गेले. म्हणजे जी मुले पूर्वी पंधराव्या वर्षी कामकरी होत, ती आता अठरापर्यंत विद्यार्थी राहिली. मोठ्यांचे शरीर, लहानांचे परावलंबन आणि दिवसभर आपल्याच वयाच्यांची संगत, असा एक नवाच वर्ग जन्माला आला. 'टीनएजर' हा शब्द याच सुमारास रूढ झाला.

हा वर्ग ग्रंथालयाच्या दाराशी आला तेव्हा त्याला बसवायचे कुठे, हा प्रश्न पडला. मुलांच्या दालनातल्या खुर्च्या त्याला पुरेनात, आणि प्रौढांच्या दालनात त्याच्याकडे संशयाने पाहिले जाई. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मेबल विल्यम्स या बाईंनी १९१९ पासून या वयाच्या वाचकांचे काम हाती घेतले. १९२९ पासून तेथे त्यांच्यासाठी पुस्तकांची यादी निघू लागली. पण आमचे मन अधिक रमते ते बाल्टिमोरच्या मार्गारेट एडवर्ड्स यांच्याजवळ. या बाई १९३२ साली तेथल्या इनॉक प्रॅट ग्रंथालयात दाखल झाल्या. त्यांचा नियम असा की, तरुणांच्या दालनात काम करू पाहणाऱ्या मदतनिसाने आधी तीनशे पुस्तके वाचायची आणि प्रत्येकाविषयी बाईंपुढे बसून बोलायचे. ते होईपर्यंत त्याची उमेदवारी पुरी झाली असे बाई मानीत नसत. यादी पाठ असून चालत नसे, परीक्षणाचे कात्रण दाखवून चालत नसे. सोळा वर्षांच्या मुलाला पुस्तक देणाराने ते स्वतः वाचलेले असले पाहिजे, एवढेच त्यांचे शास्त्र. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाईंनी घोड्याची गाडी भाड्याने घेतली, तीत पुस्तके भरली, आणि जेथे ग्रंथालय पोहोचत नव्हते अशा वस्त्यांतून ती फिरविली. आज गाजावाजा म्हटला म्हणजे आपल्यासमोर विजेचे फलक येतात. बाल्टिमोरच्या गल्लीत तो घोड्याच्या टापांचा होता.

पहिली खास तरुणांची कादंबरी म्हणून ज्या पुस्तकाचे नाव पुष्कळदा घेतले जाते, ती मॉरीन डेली यांची 'सेव्हन्टीन्थ समर' १९४२ साली आली. लेखिका कॉलेजात शिकत होती. एका उन्हाळ्यातल्या पहिल्या प्रेमाची सरळ गोष्ट. ती खपली, आणि तिच्यामागून तसल्याच गोडगोड गोष्टींची रांग लागली: नाचाचा कार्यक्रम, नवा झगा, फुटबॉलचा सामना. १९५१ मध्ये सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' आली. तिचा नायक सोळा-सतरा वर्षांचा आणि बोली सडेतोड. ती मोठ्यांसाठी लिहिलेली होती. मुलांनी ती आपली करून घेतली. अमेरिकन ग्रंथालय संघाने तरुण वाचकांसाठी स्वतंत्र विभाग १९५७ मध्ये काढला. म्हणजे फळी तयार होती, ग्रंथपाल तयार होते. फळीवर ठेवायचे पुस्तक मात्र अजून गोडगोड होते.

हे ज्यांना खटकले त्यांत ओक्लाहोमा संस्थानातल्या टल्सा शहरातील एक शाळकरी मुलगी होती. सुझन एलॉइझ हिंटन, जन्म १९४८. विल रॉजर्स हायस्कूल ही तिची शाळा. शाळेत मुलांचे दोन तट होते. एक श्रीमंत वस्तीतल्या मुलांचा, त्यांना 'सोश' म्हणत. दुसरा गरीब वस्तीतल्या, केसांना तेल चोपडून ते मागे वळविणाऱ्या मुलांचा, ते 'ग्रीझर'. दोघांत मारामाऱ्या होत. हिंटनच्या ओळखीच्या एका मुलाला घरी जाताना विनाकारण मार बसला, आणि त्या संतापात तिने लिहायला सुरुवात केली. वय पंधरा. पुढच्या वर्षभरात तिने ती गोष्ट पुनःपुन्हा लिहिली. याच काळात शाळेतल्या सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला 'डी' म्हणजे जवळजवळ नापासाची श्रेणी मिळाली. शिक्षकांना दोष द्यावयाचा आमचा हेतू नाही. मुलगी दुसरेच काही लिहिण्यात गुंतली होती, तेव्हा शाळेचे लेखन राहून जाणारच.

वायकिंग या न्यूयॉर्कच्या प्रकाशनसंस्थेने कादंबरी स्वीकारली आणि २४ एप्रिल १९६७ रोजी ती बाहेर पडली. लेखिका अठरा वर्षांची होती. मारामारी करणाऱ्या मुलांची गोष्ट एका मुलीने लिहिली आहे असे दिसले, तर पुरुष परीक्षक ती उघडण्यापूर्वीच मत बनवतील, या धास्तीने प्रकाशकांनी नावाची फक्त आद्याक्षरे छापण्याचे सुचविले. पुस्तक न वाचता मत बनविणाऱ्यांचा बंदोबस्त असा मुखपृष्ठावरच करून ठेवावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्रंथपुरवणीत हिंटन यांनी लेख लिहून सांगितले की, आमच्यासाठी म्हणून जी पुस्तके लिहिली जातात त्यांत आम्ही कुठेच नसतो. मोठ्यांनी कल्पिलेला तरुण आणि प्रत्यक्षातला तरुण यांत अंतर आहे, असा त्या लेखाचा रोख होता.

एवढ्यावरून कुणास वाटेल की पुस्तक लगेच हातोहात गेले. तसे झाले नाही. औषधांच्या दुकानांतून जी स्वस्त पुस्तके टांगलेली असत, त्यांत ते इतर पुस्तकांसारखेच पडून राहिले. मग प्रकाशकांच्या ध्यानात आले की, एका दिशेने मागणी येते आहे आणि ती शाळांकडून आहे. जी मुले कोणतेच पुस्तक शेवटपर्यंत नेत नाहीत ती हे नेतात, असा शिक्षकांना अनुभव आला, आणि त्यांनी ते वर्गात लावले. म्हणजे ज्याला आज आपण गाजलेले पुस्तक म्हणतो ते जाहिरातीने गाजलेले नाही. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात, एका ग्रंथपालाकडून दुसऱ्याकडे ते गेले. आवाज झाला तो नंतर.

चित्रपटाची हकीकतही अशीच आहे. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो येथील लोन स्टार या शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र लिहिले, की आमच्या मुलांच्या मते या कादंबरीचा चित्रपट तुम्हीच काढावा. सोबत मुलांच्या सह्यांचा अर्ज आणि पुस्तकाची एक प्रत. 'गॉडफादर' काढणाऱ्या माणसाला असे पत्र पाठवायला शाळकरी मुलांचेच धैर्य पाहिजे! कोपोला यांनी पुस्तक वाचले आणि १९८३ च्या मार्चमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात काम करणारी टॉम क्रूझसारखी मुले पुढे मोठी नट झाली. चित्रपट त्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंना आणि मुलांना अर्पण केलेला आहे.

आता पुस्तकाकडे येऊ. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांचा रसभंग होईल हे आम्हांस ठाऊक आहे; पण जे पुस्तक पन्नास-साठ वर्षे वाट पाहात राहिले, त्याचा रस एका व्याख्यानाने नासणार नाही. कथा सांगणारा पोनीबॉय चौदा वर्षांचा आहे. आईबाप मोटार-अपघातात गेले. वीस वर्षांचा भाऊ डॅरी घर चालवितो. मधला सोडापॉप सोळा वर्षांचा, शाळा सोडून पेट्रोलपंपावर लागलेला. एका रात्री बागेत सोशांची टोळी पोनीबॉयला कारंज्याच्या पाण्यात बुडवू लागते, तेव्हा त्याचा मित्र जॉनी चाकू चालवितो आणि एक श्रीमंत मुलगा मरतो. दोघे पळतात आणि डोंगरावरच्या एका ओसाड चर्चमध्ये लपतात.

आणि येथे, कादंबरीच्या मध्यावर, आम्हांस आपला आजचा विषयच भेटला. जॉनी गावातून सामान घेऊन येतो. पाव, मांसाच्या चकत्या, केसांचा रंग बदलण्याचे औषध. आणि या सामानात एक जाडजूड कादंबरी: मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड'. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी तिचा चित्रपट पाहिला असेल. १९३६ च्या जूनअखेर ती प्रसिद्ध झाली आणि सहा महिन्यांत तिच्या दहा लाख प्रती गेल्या. हजारावर पानांच्या पुस्तकाचा हा खप, तोही मंदीच्या काळात! १९३७ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९३९ मध्ये चित्रपट आला. तिच्या काळी तिच्याएवढा गवगवा झालेली दुसरी कादंबरी अमेरिकेत नसेल. पोनीबॉय तिच्याविषयी कधीतरी काही बोलला होता एवढे जॉनीच्या लक्षात होते, आणि चित्रपट दोघांनी मिळून पाहिला होता. पुस्तक राहून गेले होते.

ते त्या चर्चमध्ये वाचले जाते. पोलिस मागावर, खायला पावाचे तुकडे, आणि एक मुलगा दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवितो आहे. जॉनीला शाळेत मंदबुद्धी समजत. पण पोनीबॉयच्या ध्यानात येते की, आपल्याला जे कळत नाही ते त्याला कळते. दक्षिणेकडचे उमराव मरणाच्या तोंडात घोडे घालतात हे त्याला थोर वाटते, आणि त्यांत त्याला आपल्याच टोळीतला एक मुलगा दिसतो. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या उमरावांचे कौतुक चालले आहे त्यांची सारी उमरावी गुलामांच्या श्रमावर उभी होती, आणि मिचेलबाईंनी त्या समाजाला साखरेत घोळून ठेवले आहे. गरीब वस्तीतल्या मुलाला गुलामांच्या मालकांत वीर दिसावेत, ही गाजलेल्या पुस्तकाची ताकदही आणि फसवणूकही. हिंटन यांनी ती मुद्दाम दाखविली आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी फक्त मुले जशी वाचतात तशी दाखविली.

अटलांटाच्या वेढ्यापर्यंत वाचन येते आणि थांबते. चर्चला आग लागते, आत लहान मुले अडकतात, दोघे त्यांना बाहेर काढतात, आणि जॉनीच्या पाठीवर जळते लाकूड कोसळते. रुग्णालयात तो उरलेले पुस्तक मागवितो. ते पुरे होत नाही. त्याच्यामागे ती प्रत पोनीबॉयकडे येते. आणि पोनीबॉय ती उघडीत नाही. उघडवत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात असे एखादे पुस्तक असते, जे आळसाने नव्हे तर दुसऱ्याच कारणाने मिटलेले राहिले आहे; त्याविषयी घरात कुणी काही विचारीत नाही. पुढे पोनीबॉयचा शाळेतला निबंध अडून बसतो. शिक्षकांनी सांगितलेले असते की हा निबंध चांगला झाला तरच उत्तीर्ण करू. अशा वेळी तो ते पुस्तक हातात घेतो, आणि पानांतून जॉनीने लिहून ठेवलेली चिठ्ठी खाली पडते. चिठ्ठीत काय आहे ते आम्ही येथे सांगत नाही. ती वाचून तो शिक्षकांना फोन करतो, आणि लिहायला बसतो. जे लिहितो तीच ही कादंबरी.

वेळीच वाचली असती तर आम्हांस हा प्रसंग कदाचित भावडा वाटला असता, आणि काही जागी पुस्तक भावडे आहेही. मुले फार रडतात, सूर्यास्त फार पाहतात. सोळा वर्षांच्या लेखणीला हे शोभते. साठीच्या वाचकाने त्यावर हसू नये. उशिरा वाचल्यामुळे आम्हांस दुसरे काही दिसले. हिंटन यांच्या टल्सात गरीब आणि श्रीमंत आहेत, पण गोरेच. याच शहरात १९२१ च्या ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जाळून टाकली होती. त्या गोष्टीला पंचेचाळीस वर्षेही झाली नव्हती, आणि कादंबरीत तिची छायाही नाही. शहराने ती गोष्ट शाळेत शिकविलीच नव्हती, तर शाळकरी मुलीच्या लिहिण्यात ती कोठून येणार? तिने आपल्या डोळ्यांसमोरची फट लिहिली. तिच्यामागची दरी तिला कुणी दाखविली नव्हती. एखादे पुस्तक पन्नास वर्षांनी वाचण्यात हा असा लाभ असतो, की त्यात काय आहे याबरोबर काय नाही तेही वाचता येते.

लेखिकेचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. या वयात एवढे नाव झाल्यावर तिचा हात बसला. तीनेक वर्षे तिला लिहिताच येईना. ज्याच्याशी तिचे पुढे लग्न झाले त्या तरुणाने अट घातली, की रोज दोन पाने लिहायची, मग फिरायला जायचे. अशा दोन-दोन पानांनी दुसरी कादंबरी १९७१ मध्ये पुरी झाली. गाजावाजा वाचकाला पुस्तकापासून दूर ठेवतो हे आपण जाणतो. तो लेखकालाही कागदापासून दूर ठेवतो.

आता गाजावाजाचे आजचे रूप. एक तारीख ठरवायची, त्या तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत पुस्तक कुलुपात ठेवायचे, आणि साऱ्या जगाला दारात उभे करायचे, ही रीत हॅरी पॉटरने पक्की केली. त्याचा पहिला भाग १९९७ च्या जूनमध्ये लंडनला निघाला तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या अवघ्या पाचशे प्रती काढल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच ग्रंथालयांत गेल्या. म्हणजे येथेही आरंभ ग्रंथालयाच्या फळीवरच. २००० सालच्या जुलैमध्ये चौथा भाग आला तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ला खपाच्या यादीतून मुलांच्या पुस्तकांसाठी वेगळी यादी काढावी लागली. कारण मोठ्यांच्या यादीत पहिल्या जागा या पोराने अडवून ठेवल्या होत्या. २१ जुलै २००७ रोजी सातवा भाग निघाला, आणि एकट्या अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत त्र्याऐंशी लाख प्रती गेल्या. त्या सकाळी आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही दुकानांपुढे मुलांच्या रांगा होत्या. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने या मालिकेची मराठी भाषांतरेही आणली. ज्यांच्या घरी ती आहेत त्यांपैकी किती आजोबांनी ती उघडली, याची गणना कुणी केलेली नाही.

तारखेचा हा धाक मुलांना असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. सोमवारी शाळेत सगळे त्या पुस्तकाविषयी बोलणार, शेवट कुणीतरी फोडणार. तेव्हा रविवारी रात्रीपर्यंत ते वाचून झालेच पाहिजे. मोठ्यांना ही घाई नसते. नंतर वाचू म्हणून ते पुस्तक ठेवून देतात, आणि मूल मोठे होऊन नोकरीसाठी परगावी जाते. पुस्तक राहते. त्या वर्षी जेवताना ज्याविषयी बोलता आले असते, ते बोलणे मात्र राहून गेलेले असते. हिंटन यांच्या कादंबरीत मुलांना मारहाण करणारे बाप आहेत, दारू पिणारे आहेत, मेलेले आहेत. मुलाच्या हातातले पुस्तक मागून घेऊन वाचणारा एकही बाप नाही. डॅरी वीस वर्षांचा असूनही धाकट्याशी अभ्यासावरून भांडतो, कारण बापाची जागा त्याच्याकडे आली आहे.

न वाचणारांचे दुसरे काम म्हणजे हरकत घेणे. मुले विड्या ओढतात, दारू पितात, चाकू चालवितात आणि घरे मोडकी आहेत, म्हणून 'द आउटसायडर्स' शाळांतून काढून टाकण्याच्या मागण्या अनेक ठिकाणी झाल्या. १९९० नंतरच्या दशकात ज्या शंभर पुस्तकांवर अमेरिकेत सर्वाधिक हरकती आल्या, त्यांच्या यादीत ती आहे. हरकत घेणे हा पालकांचा हक्क आहे, आम्ही तो नाकारीत नाही. वेर्थरच्या पंडितांप्रमाणे त्यांच्या भीतीला कधी आधारही असतो. आमचे म्हणणे एवढेच, की बाल्टिमोरच्या बाई पुस्तक देणाराकडून जे मागत होत्या, तेच पुस्तक काढून घेणाराकडूनही मागावे. तीनशे नको, ते एक.

या मार्गारेट एडवर्ड्स यांच्या नावाने अमेरिकन ग्रंथालय संघाने तरुणांसाठी लिहिणाऱ्यांना पारितोषिक ठेवले. बाई १९८८ मध्ये वारल्या, आणि त्याच वर्षी ते प्रथम दिले गेले. ते मिळाले एस. ई. हिंटन यांना. २०२४ साली कादंबरीवरच्या संगीतनाटकाला न्यूयॉर्कमध्ये टोनी पारितोषिक मिळाले, आणि पुस्तकाला पुन्हा एकदा नवे वाचक लाभले. त्यांतल्या पुष्कळांच्या घरी आईची किंवा आजीची जुनी प्रत असणार. कादंबरी दोनशे पानांच्या आसपास आहे. दोन बैठकींत होते.